हळद, हुंडणावळ आणि पदवी

सांगलीहून कृष्णेच्या काठाने थोडे खाली गेले की हरिपूर लागते. कृष्णा आणि वारणा यांचा संगम तेथे होतो. नाट्यरसिकांना हे गाव ठाऊक आहे ते गोविंद बल्लाळ देवलांमुळे. व्यापाऱ्यांच्या जगात मात्र त्याची ख्याती निराळ्याच गोष्टीसाठी होती. हरिपूरच्या मातीत पेव टिकते. वर निमुळते तोंड आणि खाली घटासारखे पसरलेले पोट, असे ते जमिनीतील खोल कोठार. त्यात वाळवलेली हळद भरावी, तोंड बंद करून वर माती लोटावी, आणि भाव मनासारखा येईपर्यंत वर्ष दोन वर्षे तिकडे पाहूही नये. कीड लागत नाही आणि रंगही उतरत नाही. पेव उघडल्याबरोबर कोणी आत उतरत नसे. आत कोंदलेली हवा निघून जाईपर्यंत थांबावे लागे, नाहीतर माणूस गुदमरायचा. अशा पेवातील मालाचे सौदे पेढीवर बसल्या जागी होत. धनी बदलत, पण हळद जागची हलत नसे. गुदामाची पावती हा शब्द ज्या लोकांनी कधी ऐकला नव्हता, त्यांनी तिचा उपयोग मात्र पुरता ओळखलेला होता.

या सांगलीच्या आणि मिरजेच्या मध्ये, किंचित उत्तरेस, कुपवाड आहे. एके काळचे हे शेतीवाडीचे साधे गाव. पुढे तेथे औद्योगिक वसाहत झाली, लहानमोठे कारखाने आले, कृष्णा व्हॅली चेंबर ही उद्योजकांची संस्था उभी राहिली, आणि १९९८ साली सांगली, मिरज व कुपवाड या तिन्हींची मिळून एक महानगरपालिका झाली. अशा गावातील घरांतून आता एक नवी भाषा ऐकू येऊ लागली आहे. बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी ‘इंटरनॅशनल बिझनेस’ या विषयाची पदवी घ्यावयाची म्हणते, आणि वडील माणसे विचारतात की व्यापार हा काय कॉलेजात शिकावयाचा विषय आहे? ज्याने त्याने आपापल्या पेढीवर बसून तो शिकावा. प्रश्न रास्त आहे, आणि तो नवा तर मुळीच नाही. शंभर वर्षांपूर्वी मुंबईत तो याच शब्दांत विचारला जात होता. त्याचे उत्तर देण्याच्या खटपटीतूनच महाराष्ट्रातील व्यापारी शिक्षणाचा इतिहास घडला आहे.

हळदीचे पोते परदेशी निघते तेव्हा एका वेळी दोन गोष्टी प्रवासाला लागतात. एक माल, आणि दुसरा कागद. जहाजाच्या कंपनीने माल भरून घेतल्याचे लिहून दिलेले भरतीपत्र, ज्याला बिल ऑफ लेडिंग म्हणतात, विम्याचे पत्र, मालाचे बीजक, आणि परदेशी गिऱ्हाइकावर काढलेली हुंडी. ही चार कागदांची जुडी घेऊन व्यापारी बँकेत जातो. बँक हुंडी विकत घेते आणि त्याला रोख पैसे देते, म्हणजे माल अजून समुद्रात असतानाच व्यापाऱ्याचे भांडवल मोकळे होते. पलीकडच्या बंदरात ज्याच्या हाती भरतीपत्र असेल तोच मालाचा धनी. जहाज बुडाले तर नुकसान कोणाचे, वाटेत भाव उतरला तर तोटा कोणी सोसावयाचा, गिऱ्हाइकाने माल नाकारला तर दाद कोणत्या देशाच्या न्यायालयात मागावयाची, या सर्व प्रश्नांची उत्तरे या जुडीत असतात. माल ओळखणे ही एक विद्या आहे. कागद ओळखणे ही दुसरी.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पश्चिम हिंदुस्थानात पहिल्या विद्येला तोटा नव्हता. बोटांनी हळकुंड मोडून त्याचा कस सांगणारे दलाल सांगलीत होते, आणि कापूस चिमटीत ओढून त्याच्या धाग्याची लांबी सांगणारे मुंबईत होते. दुसरी विद्या मात्र बहुतांशी परक्यांच्या हाती होती. परदेशी हुंड्यांचा व्यवहार करणाऱ्या ज्या मोठ्या एक्स्चेंज बँका, त्यांची सूत्रे बाहेरून हालत. जहाजे आणि विमा यांचीही तीच गत होती. १८९० च्या सुमारास रेल्वेने पुणे, मिरज, लोंढा आणि गोव्याचे मार्मागोवा बंदर एका मार्गावर आणून ठेवले. सांगलीचा माल समुद्राला जवळ आला, पण सांगलीच्या व्यापाऱ्याचे ज्ञात जग मुंबईच्या आडत्यापाशीच संपत राहिले.

येथे एक गोष्ट विसरून चालणार नाही. मुंबईचे पारशी, भाटिये, खोजे आणि मेमण व्यापारी चीन, अरबस्तान, जंगबार येथवर स्वतःच्या हिंमतीने व्यापार करीत होते, आणि कागदाची विद्या त्यांना उत्तम येत होती. परंतु ती त्यांच्या घराण्यांची विद्या होती. मुलगा दहाबारा वर्षांचा झाला की पेढीवर बसे, चुलत्याच्या हाताखाली वही लिहू लागे, आणि विशीच्या आत एडनला किंवा हाँगकाँगला धाडला जाई. ज्याचा चुलता पेढीवर नाही त्याला या शाळेत प्रवेश नव्हता. शेतकऱ्याच्या, कारकुनाच्या किंवा शिक्षकाच्या मुलाने परदेशी व्यापार शिकावा म्हटले तर त्याला एक दार इंग्रजांनी बंद केलेले होते आणि दुसरे आपल्याच लोकांनी. शिवाय महाराष्ट्रातील शिकलेल्या वर्गाला त्या दारांशी जाऊन उभे राहण्याचीही फारशी इच्छा नव्हती. लोकहितवादींनी १८४८ पासून ‘प्रभाकर’ पत्रात जी पत्रे लिहिली, त्यांत उद्योगधंद्याकडे पाठ फिरवणाऱ्या स्वजनांवर पुष्कळ कोरडे ओढले आहेत, आणि १८४९ साली ‘लक्ष्मीज्ञान’ हे अर्थशास्त्रावरचे पुस्तक मराठीत लिहून ठेवले आहे. समाजाने पत्रे वाचली, आणि मुलांना मामलेदार कचेरीत चिकटवले.

१८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठानेही व्यापाराची दखल बरीच वर्षे घेतली नाही. कला, कायदा, वैद्यक, स्थापत्य यांना पदव्या होत्या; व्यापाराला नव्हती. बाहेरच्या जगात तोवर वारे फिरले होते. बेल्जममधील अँटवर्प या बंदरात १८५२ साली उच्च व्यापारी शिक्षणाची संस्था निघाली होती. जपानने १८७५ मध्ये टोकियोत व्यापारी शाळा काढली आणि तिच्यातूनच पुढे हितोत्सुबाशी विद्यापीठ झाले. जर्मनीत लाइपझिग येथे १८९८ साली व्यापारी महाविद्यालय उघडले. खुद्द इंग्लंडात बर्मिंगहॅम विद्यापीठाने विसाव्या शतकाच्या आरंभी विल्यम ॲशली यांच्या नेतृत्वाखाली वाणिज्य शाखा सुरू केली. ज्या इंग्रजांनी शिक्षणाविना अर्धे जग व्यापारले, असे म्हटले जाई, त्यांनाही जर्मन विक्रेते आपली गिऱ्हाइके का पळवतात, याचा शोध विद्यापीठात घ्यावासा वाटला, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

मुंबईत १९१३ च्या ऑक्टोबरात वाणिज्य व अर्थशास्त्राचे सरकारी महाविद्यालय सुरू झाले आणि नुकतेच पायउतार झालेले गव्हर्नर लॉर्ड सिडनॅम यांचे नाव त्याला मिळाले. त्यांच्यामागून आलेले गव्हर्नर विलिंग्डन यांचे नाव पुढे १९१९ साली सांगलीच्या महाविद्यालयाला पडावे, हा योगायोग मौजेचा आहे. मुंबईला व्यापार मिळाला आणि सांगलीला कलाशाखा. सिडनॅमला आशियातील पहिले वाणिज्य महाविद्यालय म्हणण्याची रूढी आहे. टोकियोचे उदाहरण समोर ठेवले तर हा मान थोडा सांभाळूनच द्यावा लागेल, कारण टोकियोची शाळा कितीतरी जुनी, जरी तिला विद्यापीठाचा दर्जा १९२० सालचा असला तरी. हिंदुस्थानापुरते मात्र सिडनॅमचे महत्त्व निर्विवाद आहे. आरंभी हिशेबशास्त्राचे नामांकित जाणकार के. एस. अय्यर यांनी मानद प्राचार्य म्हणून धुरा वाहिली. नंतर पर्सी ॲन्स्टे प्राचार्य झाले. १९२० साली त्यांचे निधन झाले, आणि त्यांच्या पत्नी वीरा ॲन्स्टे यांनी लंडनला परतून अध्यापन करीत हिंदुस्थानच्या आर्थिक विकासावर आणि हिंदी महासागरातील व्यापारावर जे ग्रंथ १९२९ साली प्रसिद्ध केले, त्यांच्यामागे मुंबईतील वास्तव्याची पुंजी होती.

त्याच १९१३ साली आणखी काही घडत होते. हिंदुस्थानात नवा कंपनी कायदा झाला आणि कंपन्यांचे हिशेब तपासणाऱ्यांची गरज वाढली. लंडनमध्ये केन्स यांचे हिंदी चलनावरचे पहिले पुस्तक निघाले. आणि साताऱ्याच्या सरकारी शाळेत लहानपणी शिकलेला, बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर निघालेला एक तरुण जुलै महिन्यात न्यूयॉर्कला पोहोचला. भीमराव रामजी आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकले. तेथे त्यांनी लिहिलेल्या प्रबंधांपैकी एक प्राचीन हिंदी व्यापारावर होता. पाच वर्षांनी, नोव्हेंबर १९१८ मध्ये, ते सिडनॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार दरमहा ४५० रुपये.

परदेशी व्यापाराच्या शिक्षणाचा इतिहास सांगताना हे नाव सहसा घेतले जात नाही. ते घेतले पाहिजे, आणि केवळ आदरापोटी नव्हे. घराण्याच्या आणि जातीच्या कुलुपात असलेली विद्या ज्या वर्गात प्रथम उघड्यावर शिकवली जाऊ लागली, त्या वर्गात शिकवावयास उभा होता तो सर्वांत बाहेरचा मनुष्य. पहिल्यापहिल्याने विद्यार्थ्यांनी त्यांना फारसे मोजले नाही; मग त्यांच्या व्याख्यानांची कीर्ती अशी झाली की दुसऱ्या महाविद्यालयांतील मुलेही येऊन बसू लागली. सहाध्यापकांच्या खोलीत मात्र काही प्राध्यापकांनी त्यांनी सर्वांच्या माठातील पाणी पिण्यास हरकत घेतली. वर्गात चलनाचे तत्त्व सांगणाऱ्या माणसाला वर्गाबाहेर पाण्याचे भांडे नाही, अशी ती स्थिती होती. मार्च १९२० मध्ये त्यांनी ती जागा सोडली. त्याच महिन्यात कोल्हापूर संस्थानातील माणगावच्या परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. सांगलीपासून हे गाव फार दूर नाही. मग साठवलेला पैसा, शाहू महाराजांची मदत आणि एका पारशी मित्राचे कर्ज घेऊन ते लंडनला अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करावयास गेले.

तो अभ्यास होता रुपयाचा. त्याचे महत्त्व कळण्यासाठी हुंडणावळ म्हणजे काय ते थोडक्यात पाहिले पाहिजे. समजा, सांगलीच्या हळदीची शंभर पौंडांची हुंडी लंडनवर काढली. रुपयाचा भाव दोन शिलिंग असेल तर त्या हुंडीचे हाती येणारे रुपये एक हजार. भाव एक शिलिंग सहा पेन्स झाला तर तीच हुंडी १,३३३ रुपयांची, आणि एक शिलिंग चार पेन्स झाला तर १,५०० रुपयांची. हळद तीच, गिऱ्हाईक तेच, पौंड तेवढेच. परंतु फरक पाचशे रुपयांचा. आता ही कल्पनेतील आकडेमोड नव्हती. १९२० च्या आरंभी रुपयाचा भाव दोन शिलिंगांच्या बराच वर चढला होता, आणि १९२१ मध्ये तो एक शिलिंग चार पेन्सांच्याही खाली घसरला. चढ्या भावाच्या भरवशावर ज्यांनी विलायतेहून माल मागवला होता, त्यांना तो सोडवताना दिवाळे निघण्याची पाळी आली. म्हणजे आंबेडकर ज्या महिन्यांत मुंबईच्या वर्गात उभे होते, त्याच महिन्यांत खिडकीबाहेर हुंडणावळीचा हा झोपाळा सर्वांत उंच गेला होता.

‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा त्यांचा प्रबंध १९२३ साली लंडनमध्ये पुस्तकरूपाने निघाला. केन्स यांनी वाखाणलेल्या चलनपद्धतीवर त्यात कठोर टीका आहे. परंतु व्यापाऱ्याच्या दृष्टीने त्यातील बोचणारा भाग निराळा आहे. रुपया स्वस्त झाला की निर्यात करणाऱ्याला जास्त रुपये मिळतात, हे खरे. म्हणून मुंबईचे गिरणीमालक आणि व्यापारी स्वस्त रुपयाची मागणी करीत होते व तिला राष्ट्रहिताचे नाव देत होते. आंबेडकरांनी विचारले की हा नफा येतो कोठून? रुपया स्वस्त झाला की देशातील भाव चढतात, मजुरी मात्र मागाहून आणि तोकडी चढते. तेव्हा निर्यातदाराच्या हाती जे जास्त पडले ते परक्याच्या खिशातून नव्हे, आपल्याच मजुराच्या खिशातून आले. १९२५ च्या डिसेंबरात हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष देतानाही त्यांनी हा मुद्दा सोडला नाही. आयोगाने एक शिलिंग सहा पेन्सांची शिफारस केली, पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी चार पेन्सांसाठी भिन्नमत नोंदवले, आणि १९२७ साली कायद्याने सहा पेन्स कायम झाले. कोणाचे बरोबर होते यावर अर्थशास्त्री आजही भांडतात. त्या वादाचा निकाल लागो वा न लागो, परदेशी व्यापार शिकणाऱ्या विद्यार्थ्याला नफ्याचा हिशेब बंदरापाशी न थांबवता शेतापर्यंत आणि कारखान्याच्या फाटकापर्यंत न्यावा लागतो, एवढे त्याने शिकवले. आणि ही गोष्ट कोणत्याही पेढीवर शिकवली जात नव्हती. पेढीला तिची गरजच काय?

कागदाच्या जुडीतील दुसरा धागा जहाजाचा. तो हाती घेण्याचा प्रयत्न केला सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी. त्यांनी नरोत्तम मोरारजी प्रभृतींच्या साहाय्याने ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारची ‘लॉयल्टी’ ही बोट विकत घेतली, आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ती मुंबईहून लंडनला निघाली. स्वतः वालचंदशेठ तिच्यावर होते. कंपनीला सिंदिया हे नाव पडले ते त्यावरूनच. इंग्रज कंपन्यांनी भाडी पाडून आणि माल अडवून या साहसाला जेरीस आणले. १९२३ च्या करारानुसार सिंदिया कंपनीला परदेशी वाहतुकीचा नाद सोडून किनाऱ्यावरच समाधान मानावे लागले. आज ५ एप्रिल हा राष्ट्रीय नौवहन दिन म्हणून पाळतात. वालचंदांचे नाव सांगलीत रोज घेतले जाते, कारण १९४७ साली विश्रामबागेत निघालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला १९५५ पासून त्यांचे नाव आहे. तेथे यंत्रे शिकवतात. ज्या माणसाने जहाजाच्या भाड्यासाठी आयुष्यातील चांगली वर्षे घालवली त्याच्या नावाच्या विद्यामंदिरात भाडेकराराचा विषय नसावा, यात दोष कोणाचाच नाही. पण कुपवाडच्या कारखान्यांना यंत्रे करणारे जितके मिळाले तितके ती विकणारे का मिळाले नाहीत, याचा थोडा उलगडा त्यातून होतो.

वाणिज्याची पदवी हळूहळू मुंबईबाहेर पसरली. १९४३ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीने पुण्यात बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय काढले. त्याच संस्थेने १९६० साली सांगलीत चिंतामणराव वाणिज्य महाविद्यालय उघडले. दक्षिण सातारा जिल्ह्याला सांगली हे नाव मिळाले तेही त्याच वर्षी. दोन वर्षांनी कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठ झाले. आता शेतकऱ्याच्या मुलाला बी. कॉम. होण्यासाठी मुंबईचे तोंड पाहण्याचे कारण उरले नाही. परंतु दार उघडेपर्यंत आतले घर बदलले होते. हिशेब तपासनिसांसाठी मुंबई सरकारने १९१८ सालीच स्वतंत्र पदविका सुरू केली होती आणि तिला मान होता, नोकरी होती. स्वातंत्र्यानंतर आयात-निर्यातीवर परवान्यांचा अंमल आला. परदेशी चलनाचा प्रत्येक पौंड आणि डॉलर सरकारच्या हातून जाऊ लागला. अशा काळात परदेशी व्यापाराचे ज्ञान म्हणजे दिल्लीच्या कचेरीतील कोणत्या टेबलावर कोणता अर्ज पोहोचवावा याचे ज्ञान. जगाच्या निर्यातीतील हिंदुस्थानचा वाटा स्वातंत्र्याच्या सुमारास दोन टक्क्यांच्या आसपास होता. १९९० पर्यंत तो अर्ध्या टक्क्यावर आला. बी. कॉम. च्या वर्गात परदेशी व्यापार एका पेपरापुरता उरला, आणि पदवीधर बँकेच्या परीक्षेला बसले. त्यांना हसण्यात अर्थ नाही. ज्या घरात पहिल्यांदा कोणी पदवीधर होतो, त्या घराला साहसापेक्षा महिन्याच्या एक तारखेची किंमत अधिक असते.

‘इंटरनॅशनल बिझनेस’ हा स्वतंत्र अभ्यासविषय दुसऱ्या महायुद्धानंतरचा. अमेरिकेत ॲरिझोना राज्यात युद्धातील एक वैमानिक-शिक्षणाचा तळ रिकामा झाला. तेथे १९४६ साली केवळ परदेशी व्यापारासाठी एक शाळा निघाली. व्यापाराचे तंत्र, परक्या देशाची भाषा आणि त्या देशाचे जीवन, या तीन पायांवर ती उभी होती. हिंदुस्थानने १९६३ मध्ये दिल्लीत भारतीय विदेश व्यापार संस्था स्थापन केली, पण ती पदवी घेऊन आलेल्यांसाठी. बारावीनंतर थेट हा विषय घेण्याची सोय व्हावयास १९९१ चे आर्थिक परिवर्तन घडावे लागले. त्या वर्षीच्या जुलैत रुपयाचे दोनदा अवमूल्यन झाले. १९९३ पासून हुंडणावळ बाजारात ठरू लागली. परवाना काढणारा मागे पडला आणि भाव समजणारा पुन्हा हवासा झाला. मग पुणे विद्यापीठासारख्या ठिकाणी परदेशी व्यापाराची पदवी वेगवेगळ्या नावांनी आली. सध्या ती बी. बी. ए. आणि कंसात आय. बी., या नावाने ओळखली जाते. २०२४ पासून व्यवस्थापनाच्या अशा पदव्यांसाठी महाराष्ट्रात सामाईक प्रवेशपरीक्षाही सुरू झाली आहे.

या पदवीचा उपयोग काय, हे पुस्तकापेक्षा दोन घटनांनी अधिक चांगले सांगितले. पहिली हळदीचीच. १९९५ च्या मार्चमध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून आणण्यासाठी हळद वापरण्याचे एकस्व मिळाले. शोध लावणारे दोघेही मूळचे भारतीय वंशाचे. ज्या देशात मुलाचा गुडघा फुटला की आई हळदीचा डबा उघडते, त्या देशाला ही बातमी गमतीची वाटली आणि मग गमतीची वाटेनाशी झाली. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, रघुनाथ माशेलकर तिचे महासंचालक असताना, या एकस्वाला आव्हान दिले. तेथे आईची साक्ष चालत नाही. छापील पुरावा लागतो. परिषदेने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ सालचा वैद्यकीय नियतकालिकातील लेख यांसह बत्तीस संदर्भ पुढे ठेवले, आणि १९९७ मध्ये एकस्वातील सर्व दावे फेटाळले गेले. माल आपला होता, ज्ञानही आपलेच होते. कागद तेवढा दुसऱ्याने आधी केला होता. भौगोलिक मानांकनाची नोंद सांगलीच्या बेदाण्याने २०१६ मध्ये आणि हळदीने २०१८ मध्ये मिळवली, ती या धड्यानंतर.

दुसरी घटना कडू आहे. द्राक्षबागायतदारांच्या सहकारी संस्थांनी १९९१ साली ‘महाग्रेप्स’ उभारून युरोपची वाट धरली होती. पहिल्या वर्षांत माल परत येण्याचे दुःख सोसून त्यांनी प्रतवारी, शीतकरण आणि वेष्टन शिकून घेतले. २०१० च्या हंगामात युरोपातील प्रयोगशाळांना महाराष्ट्रातील द्राक्षांत वेलीची वाढ आवरणाऱ्या एका रसायनाचा अंश मर्यादेहून अधिक आढळला. माल तपासून पाठवलेला होता. पण येथे ज्या यादीप्रमाणे तपासणी झाली, त्या यादीत हे रसायनच नव्हते. कंटेनर बंदरांत अडकले, भाव कोसळले, आणि बागायतदारांच्या डोक्यावर कर्ज राहिले. द्राक्ष निर्दोष पिकवणारा शेतकरी आणि ते वेळेवर पोहोचवणारे जहाज यांच्या मध्ये, परक्या देशाचा बदललेला नियम वाचून तो बागेपर्यंत पोहोचवणारा माणूस कोठेतरी कमी पडला. त्या माणसाचे काम एखाद्या तासगावच्या किंवा कुपवाडच्या मुलीला तीन वर्षांत शिकवता येते. ते फार अवघड नाही. नेटाचे आणि वाचनाचे आहे.

कुपवाडच्या विद्यार्थ्याने मात्र पदवीचे नाव पाहून भुलू नये. अभ्यासक्रमाच्या पत्रकावर विमानाचे आणि पृथ्वीच्या गोलाचे चित्र असते. आत काय शिकवतात ते विचारावे. हुंडणावळ आकडे घालून शिकवतात की व्याख्या पाठ करून घेतात? भरतीपत्र हातात देतात की फळ्यावर काढतात? एखादी परकी भाषा पत्र लिहिण्याइतकी येते की नमस्कारापुरती? औद्योगिक वसाहतीतील एखाद्या निर्यातदाराच्या कचेरीत सहा महिने बसवतात काय? जेथे ही चार उत्तरे बरी मिळतील तेथे शुल्क भरण्यास हरकत नाही. नाहीतर साधी बी. कॉम. करून उरलेल्या वेळात सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे पाहणे अधिक लाभाचे.

आता स्थिती अशी आहे की परदेशी माल पाठवावयास कायद्याने कोणतीही पदवी लागत नाही. आयकराच्या कायम खातेक्रमांकावर सरकार निर्यातदाराला एक क्रमांक देते. शुल्क पाचशे रुपये. ज्याच्याजवळ तो आहे, त्याने आफ्रिकेला पंप पाठवावेत किंवा जर्मनीला हळद. दुसऱ्याच्या मालाचे कागद जकातखात्यापुढे करण्याचा परवाना ज्याला हवा आहे, त्याला मात्र पदवी दाखवावी लागते आणि खात्याची निराळी परीक्षाही द्यावी लागते. हरिपूरची पुष्कळशी पेवे २००५ च्या महापुरात पाणी शिरून खचली. हळद आता शीतगृहात राहते, कंटेनरात भरून रस्त्याने न्हावाशेवा बंदराकडे जाते, आणि तिची किंमत शिलिंगांऐवजी डॉलरांत सांगतात.